पायातलं रक्त वर कसं चढतं?

आमच्या वस्तीतल्या एक मावशी हॉटेलात भांडी घासायला जातात. सकाळी आठला मोरीपाशी उभ्या राहिल्या की दुपारी तीनपर्यंत तिथंच. त्यांच्या डाव्या पायाला, घोट्याच्या जरा वर आतल्या बाजूला, एक जखम होती. चार वर्षांपासून. हळद भरून झाली, दगडीपाल्याचा रस लावून झाला, मेडिकलवरून आणलेल्या मलमाच्या सात-आठ ट्यूबा संपल्या. शुगर दोनदा तपासली, नॉर्मल आली. कुणी म्हणालं, रक्त खराब आहे. कुणी म्हणालं, बाहेरचं आहे, दाखवून या. एक दिवस मावशी वैतागून मला म्हणाल्या, "सिस्टर, मलमावर मलम लावलं. ही जखम भरत का नाही?"

मी म्हणाले, "मावशी, जखम कातडीवर दिसते, पण दुखणं कातडीत नाही. तुमच्या पायातलं रक्त वर चढायचं थकलंय."

त्यांना ते पटलं नाही. रक्त काय जिना चढतं का, म्हणाल्या. त्यांचा प्रश्न बरोबर होता. म्हणून या महिन्यात हेच समजून घेऊ. कारण असे पाय मला दर घरात दिसतात. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांचे, झाडू मारणाऱ्या भावांचे, वॉचमनचे, वीटभट्टीवरच्यांचे, आणि बारा-बारा तास वॉर्डात उभ्या राहिलेल्या माझ्यासारख्या नर्सचेही.

रक्ताची जायची वाट आणि यायची वाट

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. हृदय एका ठोक्याला सत्तर मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे अर्ध्या कप चहाइतकं रक्त पुढं ढकलतं. मिनिटाला सत्तर ठोके धरले तर मिनिटाला पाच लिटर झाले. म्हणजे आपण नुसते बसलेले असलो तरी अंगातलं सगळं रक्त दर मिनिटाला एक फेरी मारून येतं. चोवीस तासांचा हिशेब केला तर सात हजार लिटर होतात.

हृदयाकडून निघालेलं रक्त ज्या नळ्यांतून जातं त्यांना धमन्या म्हणतात. मनगटावर बोट ठेवून नाडी बघतो ती धमनी. तिची भिंत जाड, आतला दाब मोठा. बीपी १२०/८० आहे असं डॉक्टर सांगतात तो धमनीतला दाब. पुढं या नळ्यांना फाटे फुटत जातात आणि शेवटी केसाहून बारीक होतात. तिथं रक्त आपल्याजवळचा प्राणवायू आणि अन्नरस मांसाला देतं आणि तिथला टाकाऊ वायू घेतं. मग परतीची वाट सुरू होते. त्या परतीच्या नळ्या म्हणजे शिरा. हाताच्या पाठीवर निळसर रेघा दिसतात त्या शिरा. शिरा निळ्या दिसतात म्हणून आतलं रक्त निळं नसतं, ते गडद लाल असतं. तपासणीसाठी सुईनं काढतात ते शिरेतलंच रक्त, आठवून बघा.

शिरेची भिंत पातळ आणि मऊ असते, सायकलच्या ट्यूबसारखी ताणते. त्यामुळे कुठल्याही वेळी अंगातलं निम्म्याहून जास्त रक्त शिरांतच असतं. पण तिथपर्यंत पोचता पोचता हृदयाच्या धक्क्याचा जोर जवळजवळ संपलेला असतो. मागून येणाऱ्या रक्ताचा थोडा रेटा तेवढा उरतो. आडवं पडलेलो असू तर तेवढा रेटा पुरतो. अडचण येते ती उभं राहिल्यावर. आता पायाच्या बोटांपासून छातीपर्यंत चार फूट रक्ताचा खांब उभा राहतो आणि त्याचं सगळं वजन घोट्याजवळच्या शिरांवर येतं. उभं राहिलं की सुमारे अर्धा लिटर रक्त पायांकडे उतरतं. घोट्याच्या शिरेतला दाब ८० ते ९० पर्यंत जातो, तो मोजला तो बीपी मोजायच्याच मापानं.

शाळेत झेंडावंदनाला लेकरं चक्कर येऊन पडतात, ते पाहिलंय ना? उपाशीपोटी आलेलं असतं हे एक कारण. दुसरं हे, की सावधानमध्ये पाय न हलवता उभं राहिलं, की रक्त पायात साचतं, हृदयाकडे कमी येतं आणि मेंदूला कमी पडतं. लेकरू आडवं झालं की दोन मिनिटांत शुद्धीवर येतं, कारण आडवं झाल्यावर रक्ताला चढावच उरत नाही.

आपल्या पायातला हापसा

मग दिवसभर उभं राहूनही आपण सगळे चक्कर येऊन का पडत नाही? कारण पायात एक हापसा आहे.

वस्तीतला हापसा आठवा. दांडा खाली-वर केला की पाणी वर येतं. पण नुसत्या दांड्यानं होत नाही. आत झडप असते. पाणी वर चढलं की झडप बंद होते, म्हणून ते परत खाली उतरत नाही. झडपेचं चामडं झिजलं की काय होतं? दहा वेळा दांडा मारला तरी घागर भरत नाही. आपण म्हणतो, हापशाचं पाणी उतरलंय.

पायात दांड्याचं काम पोटरी करते. चालताना पोटरी आवळते आणि सैल होते. तिच्या आत खोलवर मोठ्या शिरा आहेत. पोटरी आवळली की त्या दाबल्या जातात आणि रक्त वर ढकललं जातं. तळपायातही शिरांचं जाळं आहे, पाऊल टेकलं की तेही पिळलं जातं. शिरेच्या आत थोड्या थोड्या अंतरावर पातळ पडद्यांच्या झडपा असतात. त्या फक्त हृदयाच्या बाजूला उघडतात. रक्त खाली यायला लागलं की झडप मिटते. असं पावलागणिक एक एक टप्पा चढत रक्त वर जातं. चालायला लागलं की घोट्याजवळचा तो ८०-९० चा दाब काही पावलांतच ३० च्या खाली येतो. म्हणून चालणारे पाय हलके राहतात आणि एका जागी उभे राहिलेले जड होतात.

श्वासाचीही मदत होते. आपण खोल श्वास घेतो तेव्हा छाती आणि पोट यांच्या मधला पडदा खाली सरकतो. पोटातला दाब वाढतो, छातीतला कमी होतो, आणि पोटातल्या मोठ्या शिरेतलं रक्त वर ओढलं जातं.

पायात शिरांचे दोन थर आहेत. एक कातडीखाली, डोळ्याला दिसणारा. दुसरा मांसात, खोल. बाहेरच्या शिरांतलं रक्त मधल्या छोट्या फाट्यांतून आतल्या शिरांत जातं आणि तिथून पोटरी ते वर पाठवते. आत घोट्यापासून जांघेपर्यंत जाणारी बाहेरच्या थरातली शीर ही शरीरातली सर्वांत लांब शीर. पुढं जो आजार सांगणार आहे तो बहुतेक वेळा हिच्यात आणि हिच्या फाट्यांत होतो.

ऐकू नका, करून बघा

मी सांगते म्हणून मानू नका. स्वतःच्या हातावर बघा.

हात दोन मिनिटं खाली लोंबता सोडा. हाताच्या पाठीवर शिरा फुगतील. आता हात डोक्याच्या वर धरा. शिरा बसतील. चढ-उताराचा फरक डोळ्यांनी दिसला.

हात पुन्हा खाली घ्या. एखादी सरळ, लांब शीर निवडा. तिच्यावर बोटांच्या बाजूला एक बोट दाबून धरा. दुसऱ्या बोटानं तिथून कोपराच्या दिशेनं शीर पुसत न्या आणि ते दुसरं बोट उचला. शीर तेवढ्या भागात रिकामी राहते. वरचं रक्त खाली येत नाही, कारण झडप मिटली. आता पहिलं बोट उचला. शीर खालून झटकन भरते.

चारशे वर्षांपूर्वी हाच प्रयोग विल्यम हार्वे या इंग्लंडच्या डॉक्टरनं छापून दाखवला. त्याचे गुरू फॅब्रिशियस हे इटलीतल्या पादुआ गावी शिकवत. त्यांनी १६०३ मध्ये शिरांतल्या झडपांवर पुस्तक लिहिलं. पण झडपा कशासाठी हे त्यांना नीट उलगडलं नाही. त्या काळी जवळजवळ चौदाशे वर्षांपासून सगळे एकच मानत आले होते, की रक्त यकृतात तयार होतं आणि अंगात जिरून जातं. हार्वेनं साधा हिशेब मांडला. हृदय अर्ध्या तासात जेवढं रक्त ढकलतं तेवढं अख्ख्या अंगात नसतं. मग खाल्लेल्या अन्नातून एवढं नवं रक्त रोज कुठून येणार? म्हणजे तेच रक्त फिरून येत असलं पाहिजे. १६२८ मध्ये त्याचं पुस्तक आलं. मोठमोठ्या लोकांनी त्याला वेड्यात काढलं. पण हातावरची शीर कुणालाही खोटी पाडता आली नाही.

नर्सिंगला असताना आम्हीही हेच रोज वापरायचो. सलाईन लावायला दंडाला रबर बांधायचं. धमनीतून रक्त हातात येत राहतं, परत जायची वाट अडते, म्हणून शीर टम्म होते. शिरेवर बोट फिरवलं की मधेच बारीक गाठ लागायची, ती झडप. तिथं सुई अडते, म्हणून सिस्टर जरा बाजूला टोचतात.

झडप झिजली की

झडप बिघडली की रक्त खाली उतरतं. खालच्या झडपेवर वजन येतं, तीही सैल होते. शीर ताणते, लांबते, नागमोडी होते. डॉक्टर याला व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात.

हे कुणाला होतं? आई-वडिलांना असेल तर मुलांना जास्त. वय आणि वजन वाढलं की जास्त. बायांना जास्त, आणि बाळंतपणागणिक वाढत जातं. पोटातलं बाळ मोठ्या शिरांवर दाब देतं, शिवाय त्या दिवसांत शिरांच्या भिंती सैल पडतात. आणि ज्यांना तासन्‌तास एका जागी उभं राहून पोट भरावं लागतं त्यांना.

सुरुवातीला संध्याकाळी पाय जड होतात, ठणकतात. चपलेच्या पट्ट्याचा वळ घोट्यावर उमटतो. सकाळी सूज गेलेली असते, म्हणून आपण दुर्लक्ष करतो. मग घोट्याच्या वरची कातडी खाजते. आपण गजकर्ण समजून मेडिकलवरून ट्यूब आणतो. पुढं तिथली कातडी काळपट, कडक, चकचकीत होते. साचलेल्या रक्ताचा दाब सततचा असला की रक्तातले कण बाहेर झिरपतात, त्याचा तो डाग. अशा कातडीला नीट पोषण मिळत नाही. मग खाटेचा कोपरा लागला किंवा खाजवताना नख लागलं, की जखम होते आणि ती भरत नाही.

मावशींचं हेच झालं होतं. चार वर्षं त्या जखमेवर औषध लावत होत्या आणि वरून रोज सात तास तिच्यावर रक्ताचा खांब उभा करत होत्या.

तर मग "खराब रक्त काढून टाका" म्हणून जळवा लावणं, पाछणं, तुंबडी लावणं यानं काय होणार? रक्त खराब नाही, त्याची परतीची वाट बिघडलीय. थोडं काढलं तर तासाभरात तिथं दुसरं साचतं. वर जखम चिघळते ती वेगळीच. आणि रात्री पोटरीत गोळा येतो, आपण "नस चढली" म्हणतो, तो बहुतेक वेळा स्नायूचा आकडा असतो. तो आला म्हणजे शिरा फुगल्याच, असं नाही.

घरी काय करायचं

हापशाचा दांडा चालू ठेवायचा, एवढं लक्षात ठेवा.

उभ्यानं काम असेल तर दर अर्ध्या तासानं वीस वेळा टाचा उचला आणि टेकवा. भांडी घासता घासता, पोळ्या लाटता लाटता, पहाऱ्यावर उभ्या उभ्या हे होतं. पायाखाली एक वीट ठेवा आणि आळीपाळीनं एकेक पाय तिच्यावर ठेवा. बसायला मिळालं की बसा, पण पाय लोंबते ठेवून पाऊल न हलवता बसून राहिलात तरी रक्त साचतंच. पाऊल घोट्यातून वर-खाली हलवत राहा.

विहारात वर्षावासात ग्रंथवाचनाला तासभर मांडी घालून बसतो, तेव्हा मधेच उठून चार पावलं चालण्यात काही चुकीचं नाही. सहा डिसेंबरला परभणीहून मुंबईला रात्रभर जनरलच्या डब्यात पाय मुडपून जातो, तेव्हाही हेच. जागा नसेल तर बसल्या बसल्या टाचा उचला. आणि गाडीत संडासला जावं लागेल म्हणून पाणी प्यायचं टाळू नका.

कामावरून आल्यावर पंधरा-वीस मिनिटं आडवं पडा आणि पाय छातीच्या वर राहतील असे उशीवर किंवा घडी घातलेल्या गोधडीवर ठेवा. नुसते स्टुलावर ठेवून भागत नाही. खाट असेल तर पायाकडच्या बाजूला दोन विटा लावा. गरोदर बाईनं डाव्या कुशीवर झोपावं.

पाय साध्या साबणानं धुवा, कोरडे करा, खोबरेल तेल हळुवार लावा. फुगलेल्या शिरांवर रगडून मालिश करू नका.

पायाला दाबाची पट्टी बांधणं किंवा दाबाचे मोजे घालणं हे यातलं मुख्य औषध. पट्टी सकाळी उठायच्या आधी, सूज नसताना बांधायची. बोटांच्या मुळापासून सुरू करून टाच झाकत गुडघ्याखालीपर्यंत. घोट्याला घट्ट आणि वर जाता जाता सैल. पण स्वतःच्या मनानं बांधू नका. आधी डॉक्टर किंवा सिस्टरकडून पावलावरची नाडी तपासून घ्या. ज्यांच्या धमन्याच अरुंद झाल्यात, विशेषतः बिडी-सिगारेट ओढणारे आणि जुनी शुगर असणारे, त्यांना घट्ट पट्टीनं पाय गमवायची वेळ येऊ शकते. पट्टी बांधल्यावर बोटं गार, निळी किंवा बधिर झाली तर लगेच सोडा.

जखम असेल तर राख, चुना, तंबाखू, काही भरू नका. दवाखान्यात ड्रेसिंग, त्यावर पट्टी, आणि दिवसातून तीन-चार वेळा पाय वर. वर्षानुवर्षं न भरलेल्या जखमेच्या कडा उचलल्यासारख्या वाढायला लागल्या तर तुकडा तपासून घ्यावाच लागतो, कारण क्वचित तिथं कॅन्सर होतो.

शिरा फार फुगल्या असतील तर डॉप्लर सोनोग्राफीत झडप कुठं गळते ते दिसतं. मग इंजेक्शन, लेझर किंवा ऑपरेशन करून ती बिघडलेली शीर बंद करतात. लोक घाबरून विचारतात, शीर बंद केली तर रक्त जाणार कुठून? आतल्या मोठ्या शिरा असतात, त्यातून जातं. आधी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा, तिथून सर्जनकडे चिठ्ठी घ्या. ज्या दवाखान्यात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे तिथं आरोग्यमित्राला गाठून ऑपरेशन योजनेत बसतं का ते विचारा. रेशनकार्ड, आधार सोबत ठेवा.

इथं मात्र थांबायचं नाही

एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखते, गरम लागते, तर आतल्या शिरेत रक्ताची गाठ असू शकते. बाळंतपण किंवा सिझेरियननंतर, प्लास्टर असताना, मोठ्या ऑपरेशननंतर, बरेच दिवस अंथरुणावर पडून राहिल्यावर याची भीती जास्त. अशा पायाला मालिश अजिबात करायचं नाही, शेकायचं नाही. गाठ सुटून फुप्फुसात गेली तर जीव जातो. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा. सोबत दम लागला, छातीत दुखलं, थुंकीतून रक्त आलं, तर १०८ ला फोन करा.

फुगलेली शीर फुटून रक्ताची धार लागली तर घाबरू नका. माणसाला आडवं करा, पाय वर उचला, स्वच्छ फडक्यानं फुटलेल्या जागेवरच दहा मिनिटं न सोडता दाबून धरा. वर दोरी आवळू नका, त्यानं परतीची वाट आणखी अडते आणि रक्त वाढतं. पाय वर गेला की धार थांबते, हे आता तुम्हाला कळलंय. नंतर दवाखान्यात न्यायचंच.

दोन्ही पाय सारखे सुजत असतील, सकाळी चेहराही सुजत असेल, दम लागत असेल, तर दुखणं शिरांचं नसून हृदयाचं, किडनीचं किंवा अंगात रक्त कमी असल्याचं असू शकतं. त्याला पट्टी बांधून बसू नका, तपासणी करा.

बसायचा हक्क

शेवटी एक गोष्ट, जी कुठल्या गोळीत नाही. कारखाने कायदा, १९४८ याचं कलम ४४ सांगत होतं, की ज्या कामगारांना उभ्यानं काम करावं लागतं त्यांच्या बसण्याची सोय कारखान्यानं केली पाहिजे, म्हणजे मधे सवड मिळाली की त्यांना बसता येईल. दुकानांत मात्र तसं नव्हतं. केरळात साड्यांच्या दुकानांतल्या बायांनी यासाठी आंदोलन केलं. दिवसभर गिऱ्हाइकासमोर उभं राहायचं, भिंतीला टेकायचंही नाही, असे त्यांचे हाल होते. २०१८ मध्ये केरळनं आणि २०२१ मध्ये तामिळनाडूनं कायदा बदलून दुकानातल्या कामगारांना बसायचा हक्क दिला. एक स्टूल मागणं म्हणजे कामचुकारपणा नव्हे, हे त्या बायांनी सरकारकडून लिहून घेतलं.

मावशींनीही मालकाकडं स्टूल मागितलं. आधी त्यानं कुरकुर केली. मग मी आणि वस्तीतल्या दोघी सोबत गेलो, आणि एक प्लास्टिकचं उंच स्टूल मोरीपाशी आलं. पावलावरची नाडी तपासून पट्टी सुरू केली. रात्री खाटेखाली विटा लावल्या. मलम तेच, जे आधीही लावत होत्या. पाचव्या महिन्यात जखम बंद झाली. जागा अजून काळी आहे आणि पट्टी त्यांना कायम बांधावी लागणार, नाहीतर जखम परत होईल. त्या रोज बांधतात. परवा त्यांच्या सुनेचा सातवा महिना लागला, तर मला म्हणाल्या, "सिस्टर, हिचे पाय बघून द्या. हिला मी आत्तापासूनच टाचा उचलायला लावलंय."